छातीच्या मापाची काठी

माझ्या वडिलांचा फोटो नाही. ते गेले तेव्हा मी लहान होतो आणि त्यांचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. त्यांच्या खांद्यावर बसून गव्हाणच्या खाडीवरून घरी आलेले आठवते, म्हणून त्यांची मान आणि कानामागचे केस तेवढे आठवतात. आईच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही, हे मी बी.ए. होऊन पनवेलच्या शाळेत लागलो त्याच वर्षी ठरवले होते.

आई तेव्हाही मिठागरात काम करत होती. तिने मीठ ओढले म्हणून मी शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. आता तिचे गुडघे धरले होते. "यो मोसम काडते, मंग तुज्याकडं येते," असे ती म्हणाली होती. म्हणजे तिला तिच्या कामात टिपायला मला तो एकच मोसम होता. स्टुडिओत यायला ती तयार नव्हती. "त्या रंगवलेल्या पडद्याफुडं उबी र्‍हाऊन मी कोन दिसनार? काडायचा तर आगरात काड."

पनवेलच्या बाजारात एक वयस्कर मुसलमान गृहस्थ स्टुडिओ चालवत. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्याकडूनच मी एक जुना पेटीसारखा कॅमेरा घेतला होता. तो छातीशी धरायचा आणि वरून काचेत बघायचे. मीठ ओढण्याचे काम उन्हे वर येण्याआधी चाले, म्हणून मी पहाटेच्या अंधुक उजेडात आठ फोटो काढले. आठही हलले. आईच्या जागी एक पांढरट धूर दिसत होता.

चाचांनी ते फोटो उजेडाला धरले. "मास्तर, मुलांना छडी मारताना तरी हात स्थिर असतो ना?"

"मी छडी मारत नाही, चाचा."

"मग बरोबर आहे," ते हसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं. तेवढ्या वेळात तुमचा श्वाससुद्धा फोटोत उतरतो. स्टँड घेऊन जा."

ते तीन पायांचे स्टँड मी रविवारी आगरात नेले. दोन वाफ्यांमधला बांध जेमतेम पाऊल मावेल एवढा. दोन पाय बांधावर टेकले, तिसरा उतारावर. तो हळूहळू रुतला, बांधाला चीर गेली आणि एका वाफ्यातले पाणी दुसऱ्यात धावू लागले. आईने हातातले मीठ ओढायचे लाकडी फळे टाकले आणि चिखल थापून, टाचेने दाबून चीर बुजवली.

"ए मास्तर," पलीकडच्या वाफ्यातली बाई ओरडली, "पोरांनाबी ह्येच शिकवतोस काय, पानी कसं सोराचं त्ये?"

सगळ्या बायका हसल्या. आई हसली नाही. "तुजा यो तीन पायांचा घोरा घेऊन जा आदी," ती म्हणाली.

चाचांनी स्टँड परत घेतले आणि म्हणाले, "जागा एकाच पायाची असेल तर एकच पाय न्या. दोन तुमचे, एक काठीचा. झाले तीन." मग त्यांनी मला काठी कशी निवडायची ते समजावले. कॅमेऱ्यात छातीशी धरून बघायचे, म्हणून काठी छातीइतकीच हवी. वरून दाबून बघायची. वाकली तर नको. खाली टोक नको, कारण टोक रुतते. कॅमेरा काठीवर बसवायला एका मोडक्या स्टँडचा स्क्रूही त्यांनी मला दिला आणि त्याचे काही घेतले नाही. अशी माणसे मला वेळोवेळी भेटत गेली, हे माझे भाग्य.

बाजारात वेताची काठी पाहिली. ती कमरेपर्यंतच आली. बांबू आणला, दाबला की धनुष्यासारखा लवे. मग गावी, आईच्या घरी दाराच्या मागे, मला हवी तशी काठी उभी दिसली. जाड, सरळ, खाऱ्या पाण्याने काळी आणि घट्ट झालेली. माझ्या डोक्याहून थोडी उंच. वरच्या भागात कोयत्याचे घाव पडल्यासारख्या खुणा होत्या. तेवढा भाग नको होताच. आई आगरात होती. मी करवत मागून आणली, काठी छातीच्या मापाला कापली, सुताराकडून वर स्क्रू बसवून घेतला. उरलेला तुकडा अंघोळीच्या पाण्याखाली जळाला.

दुसऱ्या दिवशी आईने दारामागे पाहिले. "उगाडीवरची काठी कुटं हाय?"

मी ती आणून दाखवली. तिने वरच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"वरच्या खाचा?"

उघाडी म्हणजे खाडीचे पाणी आत घ्यायचे लाकडी दार. तिथे ती काठी पाण्यात उभी धरत. खालच्या खाचा रोजच्या भरतीच्या, वरच्या उधाणाच्या. पाणी त्या खाचेला लागले की दार टाकायचे, नाहीतर बांधावरून पाणी जाऊन तयार मीठ विरघळते. त्या खाचा माझ्या वडिलांनी कितीतरी अमावास्या-पुनवा पाहून कोरल्या होत्या. मी मिठागरवाल्याचा मुलगा, आणि मला ते कोयत्याचे घाव वाटले.

आईने मला शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरे झाले असते. "परवा आवस हाय," एवढेच ती म्हणाली.

मी शाळेतून रजा काढली. अमावास्येला दुपारी भरती चढली तेव्हा आई नवा बांबू धरून पाण्यात उभी होती आणि मी दाराशी. ती एकदा पाण्याकडे, एकदा बांधाकडे बघत होती. "थांब... थांब..." आणि मग एकदम "टाक!" मी दार टाकले. पण तिचा अंदाज थोडा चुकला होता. कडेच्या दोन वाफ्यांत पाणी गेले आणि तिथले मीठ आमच्या डोळ्यांदेखत गेले. आईने बांबूवर खाच केली आणि तिच्या चार बोटे खाली दुसरी. "ही खरी," ती म्हणाली.

मी पनवेलला परतायची तयारी करू लागलो. कॅमेऱ्याला हात लावायचे धैर्य नव्हते.

"काठी कापलीस ती कापलीस," आई म्हणाली. "आता फोटू काडल्याबिगर जाशील, तर मीटबी ग्येलं नि काठीबी."

दुसऱ्या पहाटे मी बांधावर उभा राहिलो. काठीखाली आईनेच एक फुटके कौल ठेवले. मी पाय फाकवले, काठी छातीशी धरली, श्वास रोखला. तिने वाफ्यातून मीठ ओढून काठावर आणले आणि क्षणभर दम खायला थांबली. तेव्हा मी कळ दाबली.

फोटो स्वच्छ आला. लुगड्याचा काठ, हातावरच्या शिरा, कपाळावरचे गोंदण, सगळे दिसत होते. चाचांनी स्वतःहून तो मोठा करून दिला. आईने तो खूप वेळ पाहिला.

"यवडी वाकले मी?"

मी म्हणालो, "आये, चौकट करून भिंतीला लावतो."

"नको. भितीवं मेलेली मानसं असतात. मी हाय तवर मलाच बघ."

फोटो कागदात गुंडाळून मी ट्रंकेत ठेवला. पावसाळ्याआधी ती माझ्याकडे पनवेलला राहायला आली. शाळेतून आल्यावर, वह्या तपासायला घेण्याआधी, मी थोडा वेळ तिच्यासमोर बसत असे.

"काय बघतोस रं?" ती विचारी.

"काही नाही," मी म्हणे, आणि बसून राही.