उघडा राहिलेला कंस

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी ठाण्यातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होते. सगळ्यांची नावं, फोन नंबर आणि पासवर्ड एका डिरेक्टरी सर्व्हरवर ठेवलेले. तो पडला की कोणालाच लॉगिन करता यायचं नाही. त्या महिन्यात तो तीनदा पडला.

तिसऱ्या खेपेला मॅनेजरसाहेबांना गुन्हेगार सापडला: आमची टेलिफोन ऑपरेटर. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती नाव शोधते आणि सर्व्हर पडतो, एवढं त्यांना पुरलं. तिला गोदामात पाठवायचं ठरलं.

ती माझ्या टेबलाशी आली. "मी काय केलं गो? नाव तर शोधलं."

"कसं शोधलं ते दाखवा."

एकाच नावाची दोन माणसं असली की ती नावापुढे कंसात विभाग लिहायची. मला दाखवतानाही घाईत तिचा कंस बंद करायचा राहिला. एंटर दाबलं, सर्व्हर पडला आणि अख्खा मजला खुर्च्यांवरून उठला. सर्व्हरच्या नोंदींचा लॉग काढला, तर आधीच्या तिन्ही वेळाही शेवटची ओळ तशीच, उघड्या कंसाची.

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. "असं कोण टाइप करतं? युजरची चूक," म्हणत त्याने साहेबांसमोरच रिपोर्टवर तेच लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "एक कंस राहिला म्हणून चारशे माणसं अडकत असतील, तर चूक सर्व्हरची आहे. ऑपरेटरबाईंच्या हातून नकळत झालं. उद्या कोणी मुद्दाम केलं, तर कोणाला गोदामात पाठवाल?"

साहेब म्हणाले, "तुम्ही उगाच विषय वाढवताय."

"हो, वाढवतेय." मी त्यांच्यादेखत माझ्या मशीनवरून तसाच कंस टाकला. सर्व्हर पडला आणि मिनिटभरात सगळीकडून तक्रारींचे फोन वाजायला लागले.

मग मी माझा रिपोर्ट स्वतः लिहिला आणि हेड ऑफिसलाही पाठवला. ऑपरेटरबाईंची बदली रद्द झाली. त्या वर्षीची माझी बढती मात्र दुसऱ्याला गेली. साहेब मला टाळू लागले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दोन महिन्यांनी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर आलं. ते आधी ऑपरेटरबाईच तपासतील, असा मी हट्ट धरला. अर्धा दिवस ती नाही नाही ते कंस टाकत बसली. सर्व्हर पडला नाही.

"आता चालंल," ती म्हणाली, आणि तपासणीच्या कागदावर सही केली.