टाकीवरचा नारळ

डॉक्टर मोटारसायकल ढकलत गॅरेजच्या दारात आले तेव्हा मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. त्यांना बघून मी कप खाली ठेवला. मागच्याच आठवड्यात ‘आता वर्षभर बघायला नको’ असं सांगून ही गाडी मी त्यांच्या ताब्यात दिली होती. त्याच्या आधीच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं.

“पळता बरी. हळू केलंय की मरता,” डॉक्टर म्हणाले. “पलीकडे बाळंतीण अडली आसा. होडी थांबलीहा. गाडी माका आता व्हयी.”

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मालवणात मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांना हात लावणारा मी एकटा. मुंबईच्या गॅरेजात काही वर्षं काढून आलेलो. बोर्डावर नावापुढे ‘मुंबई रिटर्न’ असं रंगवून घेतलं होतं. वाचणारे थोडे होते, पण मी रोज वाचत असे.

डॉक्टरांची गाडी विलायती, लढाईच्या वेळची. खाडीपलीकडच्या गावांत दुसरा डॉक्टर नव्हता. ते गाडी होडीत चढवून पलीकडे न्यायचे आणि तिथून घरोघर फिरायचे.

तिचं दुखणं असं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला भरवणारं भांडं. गाडी पळते तेव्हा मोठ्या जेटमधून, म्हणजे आतल्या पितळी तोटीतून, भरपूर पेट्रोल जातं. पण उभ्या जागी नुसती धडधडते, ज्याला आम्ही आयडलिंग म्हणतो, तेव्हा तिचं पोट पायलट जेटवर चालतं. त्याचं भोक सुईच्या नेढ्यापेक्षा बारीक. त्यात काही अडकलं की इंजिन बंद.

पहिल्या खेपेला त्यात खरंच कचरा होता. फुंकून काढला, आयडलिंग लावून दिलं. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटरच्या वाटीत, पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे मणी दिसले. मी लगेच निदान केलं: होडीत खाडीचं पाणी उडतं, ते आत जातं. “डॉक्टरांनू, गाडी होडीत घालू नकात,” असा हुकूमच सोडला.

डॉक्टरांनी तो मानला. आठवडाभर ते पलीकडे पायी हिंडले. दम्याने घुसमटलेल्या एका म्हाताऱ्याकडे पोचायला त्यांना दुपार झाली. म्हातारा वाचला, पण डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. आणि गाडी होडीत न चढताही पुन्हा बंद पडली होती.

मी वाटी उघडली. परत पाणी. शहाणा माणूस इथे थांबून विचार करतो. मी म्हणालो, “खारो वारो डॉक्टरांनू. दर्याकाठाक असाच चलायचा.”

“वाऱ्यान वाटीभर पाणी?”

माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. मी बोटावर एक थेंब घेतला, फुंकर मारून पेट्रोल उडवलं आणि बोट त्यांच्यापुढे धरलं. “चाखून बघा. खारा लागतला.”

डॉक्टरांनी खरंच चाखलं. तोंड वाकडं करून थुंकले. मग पुन्हा एक थेंब घेतला.

“मिस्त्री, ह्या गोड आसा.”

मीही चाखलं. पेट्रोलच्या घाणीखाली स्पष्ट गोडी होती. खाडीचं पाणी गोड कधीपासून झालं, असा विचार करत मी उभा होतो, तेवढ्यात समोरच्या घरातून डॉक्टरांची आई आली. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. हातात सोललेला नारळ होता.

गाडी दुरुस्त झाली की काकी गाऱ्हाणं घालायच्या. म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि भोवतालच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मग नारळ फोडून त्याचं पाणी गाडीच्या टाकीवर, अगदी झाकणावरच, धार धरून ओतायच्या. दोन्ही खेपेला मी हात जोडून बाजूला उभा होतो. सगळ्यात मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ माझंच होतं. खोबऱ्याचा पहिला तुकडाही मलाच मिळाला होता.

टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जावी लागते. हे छिद्र मीच डॉक्टरांना मोठ्या ऐटीत दाखवलं होतं.

मी टाकी रिकामी केली, चांगल्या पेट्रोलने खळबळून काढली. जेटमध्ये गोड पाणी सुकून चिकट झालं होतं. ते गरम पाण्याने धुतलं, फुंकलं, बसवलं. किक मारली. गाडी पेटली आणि उभ्या जागी शांतपणे धडधडत राहिली. डॉक्टर बसणार, तेवढ्यात काकी पुढे झाल्या.

“थांब. नारळ फोडल्याशिवाय जावचा नाय.”

“काकी, टाकीर नको,” मी म्हणालो.

“कित्याक?”

सांगणं भाग होतं. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्या नारळान गाडी मारली?”

“नाय काकी. झाकणाक भोक आसा, थंयसून पाणी आत जाता.”

“ता तुका ठावक होता मा? दोनदा बाजूक उभो होतंस. तेव्हा तोंड कित्याक उघडूक नाय?”

तोंड उघडलं होतं, पण फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला आणि खोबऱ्याला.

काकींनी नारळ फोडला, पाणी पुढच्या चाकावर सोडलं. “बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक त्या बाळंतिणीकडे वेळेर पोचव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो, मनापासून.

“आणि ह्या मिस्त्र्याक थोडी अक्कल दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” हे डॉक्टर म्हणाले. गाडी चालू ठेवूनच म्हणाले.

दिवस कलल्यावर ते परत आले. गाडी दारात उभी केली, पण बंद केली नाही. ती धडधडत राहिली आणि आम्ही दोघं ते ऐकत राहिलो. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. बाळंतिणीच्या घरच्यांनी गाडी वेळेवर दुरुस्त केल्याबद्दल मिस्त्रीसाठी एक नारळ दिला होता. डॉक्टरांनी तो माझ्या हातात ठेवला आणि दुसऱ्या हाताने टाकीचं झाकण झाकून धरलं.

तेव्हापासून, दुरुस्त होऊन गेलेली गाडी परत आली की स्पॅनर उचलण्याआधी मी मालकाला विचारतो, गेल्या वेळी दुरुस्तीनंतर तिचं काय काय केलंत? आणि तेव्हा मी कुठे उभा होतो, हे माझं मला आठवून बघतो.