उस्मानचाचांचा सेकंड पाव

गिरणीत काम केलेल्या माणसाच्या केसांतून कापसाचे तंतू पूर्ण कधी जात नाहीत. नळाखाली बसा, डोकं चोळून चोळून धुवा, तरी जेवताना एखादा ताटात पडतोच. आमच्या टेबलाच्या किस्स्यांचं तसंच आहे. संपले म्हणून उठावं, तर कुणीतरी म्हणतो, "नाम्या, तो पावाचा सांग की." आजवर तो मी हसत हसत सांगत आलो. तेव्हा मात्र मला आठवडाभर हसू आलं नव्हतं.

टेबल म्हणजे सोलापुरात नव्या पेठेतल्या अण्णांच्या कॉफी हाऊसमधलं, दारापासून तिसरं. पुढं कॉफी, मागं बेकरी. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी आणि नरसय्यामामा गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होतो. विणलेला प्रत्येक तागा आमच्या हाताखालून जायचा. चांगला असला तर फ्रेश, खोट असली तर सेकंड, कामातून गेलेला असला तर चिंधी. नरसय्यामामा हेड. ते डोळे मिटून नुसती बोटं फिरवायचे आणि धागा कुठं तुटलाय ते सांगायचे. मी निळ्या पेन्सिलीनं खूण करायचो. चौथी नापास माणसाच्या हातात पेन्सिल दिली, ही गिरणीची चूक.

* * *

शनिवारी पहिली पाळी सुटली की आम्ही अण्णांकडं. एकदा खारी जरा मऊ लागली. मी खिशातली निळी पेन्सिल काढली आणि खारीवर टेचात 'S' काढला.

अण्णा गल्ल्यावरून उठून आले. "हे काय रे, नाम्या?"

"सेकंड माल हाय, अण्णा. पदर सुटलेत."

मी हसलो, शेजारची टेबलं हसली. अण्णा नाही हसले. लिंगायत माणूस, कपाळाला विभूती, धंद्याला देव मानणारा. त्यांनी ती खारी उचलून उजेडात धरली. दुसऱ्या शनिवारी बघतो तर दारात फळा. त्यावर खडूनं लिहिलेलं: 'गिरणीच्या तपासनिसांनी दिलेला दर्जा. कॉफी: फ्रेश. नानकटाई: फ्रेश. खारी: सेकंड.'

लोक आधी फळा वाचायचे, मग आत यायचे. मी कॉलर ताठ करून बसायला लागलो. अण्णांनी आमची कॉफी फुकट करायची म्हटलं, तर नरसय्यामामांनी कप पुढं सारला. "फुकट प्यालो की जीभ तुमची झाली, अण्णा. मग दर्जा कुणाच्या जिभेनं द्यायचा?"

मला तर फुकट चाललं असतं.

* * *

एकदा एक जाडजूड वकील आले. फळा वाचून म्हणाले, "मी रोज हीच खारी खातो. या निकालावर अपील कुठं करायचं?"

नरसय्यामामा मान वर न करता म्हणाले, "वरच्या कोर्टात. मागं भट्टीवर जा."

वकील खरंच गेले. भट्टीवर उस्मानचाचा असायचे. बावीस वर्षं त्या लाकडाच्या जाळावरच्या भट्टीसमोर उभं राहून माणूस तांबूस झालेला. पाव, खारी, टोस्ट, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी वकिलांच्या हातावर गरम खारी ठेवली असावी. वकील परत आले ते मिशीतला चुरा झटकत. "अपील मंजूर," म्हणाले, आणि खडू घेऊन स्वतः 'सेकंड' पुसलं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं.

* * *

मग नरसय्यामामा लेकीच्या बाळंतपणाला तीन आठवडे वरंगळला गेले. पेन्सिल माझ्या एकट्याच्या हातात आली.

पहिल्या शनिवारी मी चाचांच्या पावावर 'S' मारला. पावात खोट काही नव्हती. चाचांचं तोंड बघायचं होतं, एवढंच. ते बाहेर आले, पाव फोडला, हुंगला, बोटानं दाबला आणि आत गेले. मला लई मजा आली. म्हणून दुसऱ्या शनिवारी परत सेकंड. त्या दिवशी त्यांनी मैद्याचं पोतं बदललं म्हणे. तिसऱ्या शनिवारी परत. तेव्हा त्यांनी पाव तोंडात धरून डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. तीन शनिवार फळ्यावर एकच ओळ: 'पाव: सेकंड.'

चौथ्या आठवड्यात अण्णांच्या दारात टेम्पो लागला. अण्णांचा मेव्हणा चन्नप्पा हुबळीहून विजेची भट्टी घेऊन आला होता. पत्र्याचं चकचकीत कपाट, वर काटा, खाली दिवा. माणूस लागत नाही, बटण दाबलं की झालं, असं तो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होता.

अण्णा मला म्हणाले, "चाचांचा हात गेला रे आता. वय झालं. तूच पहिल्यांदा ओळखलंस."

मी तोंडाशी नेलेला टोस्ट परत बशीत ठेवला.

* * *

मी अण्णांना गल्ल्याशी गाठलं. "अण्णा, ती माझी चेष्टा होती. पाव फ्रेशच होता."

"चेष्टा तेव्हा केलीस, का आता करतोस?"

"तेव्हा, अण्णा. आईशप्पत."

"चाचांची कीव आली म्हणून आता बोलतोस. नाम्या, तू माझ्याच मुंजीला मला घोड्यावर उलटं बसवलं म्हणून सांगणारा माणूस. आमच्यात मुंज नसते."

आयुष्यभर थापा मारल्या, त्यातली एकही फुकट गेली नाही. सगळ्या एकदम माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

अण्णांनी निकाल सांगून टाकला. शनिवारी नरसय्या परत येतोय. मशीनचा पाव आणि चाचांचा पाव समोरासमोर ठेवायचे. ज्याचा फ्रेश, ती भट्टी राहील.

चाचा दाराच्या चौकटीत उभं राहून ऐकत होते. साठीला आलेला माणूस, दुसरं काम हाताला ठाऊक नाही. ते आत गेले आणि माझ्या निळ्या खुणेचा पाव घेऊन आले. शनिवारपासून फडक्यात बांधून ठेवलेला, वाळून वीट झालेला.

"नामू, किधर है खोट? मेरेकू दिखा."

आता गिरणीत एक रिवाज होता. आम्ही तागा सेकंड ठरवला की विणकर फोल्डिंग खात्यात येऊन म्हणायचा, "खोट दाखवा." खोट दाखवता आली नाही, तर तपासणाऱ्यानं त्या विणकराच्या मागावर एक पाळी उभं राहायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चुकत नव्हतं. चाचांनी ते आमच्याच टेबलावर ऐकलेलं.

मी पाव हातात घेतला. इकडून बघितला, तिकडून बघितला. सगळं हॉटेल माझ्या बोटांकडं बघत होतं.

"नाही दाखवता येत, चाचा."

"तो फिर शनिवार को तू खडा रह भट्टी पे." मग ते अण्णांकडं वळले. "बाईस बरस के बाद मैं इम्तिहान नहीं देता, सेठ. मशीन के सामने इसका पाव रखो."

"चाचा, डोकं ठिकाणावर आहे का?" अण्णा म्हणाले. "याला कॉफीत साखर ढवळता येत नाही."

"हौ. मालूम है."

* * *

शनिवारी गिरणीला खाडा करून भल्या पहाटे मी भट्टीसमोर. चाचा पोत्यावर बसून विडी ओढत होते. मी मैदा मळला, तो कोपरापर्यंत चिकटला.

"चाचा, पाणी जास्त झालं काय?"

चाचांनी धूर सोडला.

"चाचा, तुमची नोकरी हाय ही. एक शब्द तरी बोला की."

"मळ."

मी मळत राहिलो. गोळे ठेवले, एक मोठा, एक बारका. लांब दांड्याच्या फळीनं ते आत सरकवताना दोन राखेत पडले. मग दर मिनिटाला विचारायचो, काढू? चाचा म्हणायचे, "अभी नहीं." घामानं डोळे चुरचुरत होते. शेवटी मी विचारायचं सोडलं. तेव्हा चाचा उठले, भट्टीच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाले, "अब."

पाव बाहेर आले. एका अंगाला काळे, दुसऱ्या अंगाला बसलेले, वर माझ्या पाची बोटांचे ठसे. चाचांनी बघितलं आणि विडी विझवली. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

* * *

शनिवारी तीनला हॉटेल गच्च. वकीलसाहेब पुढच्या खुर्चीवर. नरसय्यामामा वरंगळच्या गाडीतून उतरून थेट आलेले, वळकटी पायाशी. त्यांना कुणी काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. टेबलावर दोन ताटल्या. त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या ताटलीतल्या पावावर बोटं फिरली. चारी बाजू, चारी कोपरे, वरचा फुगवटा.

"सारखा आहे. कुठं उंच नाही, कुठं खोल नाही. फ्रेश."

चन्नप्पानं मशीनच्या पत्र्यावर थाप मारली. मी चाचांकडं बघायचं टाळलं.

दुसरी ताटली माझी. मामांची बोटं एका कडेला थांबली, मग ठशांत शिरली. असं कापड त्यांच्या हाताखालून कधी गेलं नसावं.

"हा कुणी विणलाय?" ते पुटपुटले. मग म्हणाले, "चिंधी."

चाचांनी खांद्यावरचं फडकं काढलं, नीट घडी केली आणि गल्ल्यावर ठेवलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडाला तिथं काय किंमत होती?

फडक्याला हात न लावता अण्णा टेबलाशी आले. मशीनच्या पावाचा तुकडा तोडला, कॉफीत बुडवला, खाल्ला. ठीक आहे अशी मान हलवली. मग माझ्या पावाचा काळा भाग तोडून बाजूला ठेवला, उरलेल्यातला तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला. थांबले. परत तोडला. तिसऱ्यांदा तोडला. कप रिकामा झाला, तेव्हा वकिलांच्या पुढ्यातला कप ओढून घेतला. ताटलीत फक्त काळे तुकडे राहिले.

घरच्या माणसाशी अण्णा कायम कन्नडमध्ये बोलायचे. त्या दिवशी सगळ्या हॉटेलसमोर मराठीत बोलले.

"चन्नप्पा, हुबळीची गाडी किती वाजता आहे रे?"