शांताताईंचा गळा

दवाखान्यातल्या पडद्यावर शांताताईंचा गळा दिसत होता. दोन पांढुरक्या पट्ट्या, आणि त्यांना नीट मिटू न देणारी एक गाठ. वीस वर्षं आमच्या कामगार संघटनेच्या मोर्च्यांपुढे गाणारा आवाज यातून निघत होता.

“अगं बाई, एवढुसाच?” घोगऱ्या आवाजात ताई हसल्या.

गाणाऱ्यांच्या आवाजावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “माइकशिवाय गायचात?”

उत्तर खरं तर मी द्यायला हवं होतं. स्पीकरला परवानगी मिळायची नाही, आणि आम्ही पत्रकात मिरवायचो, ‘आमच्या ताईंना माइक लागत नाही!’ कामगारांच्या पाठीसाठी, फुप्फुसांसाठी आम्ही भांडलो. गळाही राबतो, झिजतो, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. लाज वाटते.

“गाठ काढू. पण आवाज पूर्वीसारखा होईलच असं नाही. आधीचं रेकॉर्डिंग आहे? तुलना करता येईल.”

मी मोबाइल काढला. व्हिडिओ भरपूर होते. प्रत्येकात ताई शिरा ताणून गातायत, आणि त्यांच्या आवाजावर चढलेल्या आमच्याच घोषणा.

ताईंनी मोबाइल कानाशी धरला. बराच वेळ ऐकलं.

“यात मी कुठाय रे?”