अंत्यदर्शनानंतर

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोखाली सापडून माझी बायको गेली. ती भाजी घेऊन परतत होती. शवविच्छेदनानंतर घरी आणले तेव्हा तिच्या तोंडावर पांढरे फडके होते. भटजी म्हणाले, "तुळशीपत्र फडक्यावरूनच ठेवा." मेहुण्याने माझा हात धरला. "भावोजी, बघू नका. एवढं ऐका माझं."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर शेवटचे तोंड न पाहता तिला पाठवणे मला मान्य नव्हते. मी फडके दूर केले आणि पान ठेवण्यासाठी ओठ शोधले.

त्यानंतर तिचा दुसरा चेहरा मला आठवेना. हार घातलेल्या फोटोकडे पाहिले तरी फडक्याखालचाच दिसे. मी फोटो उतरवला. नातेवाइकांनी मला दगड ठरवले.

भरले ताट रोज तसेच परत जाऊ लागले, तेव्हा मुलीने मला अंधेरीला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेले. नजर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवत ती आठवण पुन्हा पाहायची, म्हणजे हळूहळू तिची धार बोथट होते, असे त्यांनी समजावले.

"डोळे फिरवून माणसं बरी होत असती, तर कथकलीवाले कधी आजारीच पडले नसते," मी म्हणालो.

"बाबा, जरा गप्प बसा हो!" मुलगी म्हणाली.

बाई हसल्या. "काका, मान हलवायची नाही. फक्त डोळे. तो चेहरा मनात धरा आणि माझ्या बोटांकडे बघा."

पहिल्या काही बैठकांत तो चेहरा अधिकच स्पष्ट झाला. मी जाणे बंद करणार होतो. मुलीने रिक्षा बोलावली आणि शेजारी उभी राहिली. मी बसलो.

त्या दिवशी बोटे फिरत असताना माझे लक्ष तिच्या कानावर गेले. कान शाबूत होता. कुडी काढलेली, भोक तेवढे उरलेले.

"तेच धरा," बाई म्हणाल्या.

पुन्हा बोटे फिरली. आता त्या कानाशी मोबाइल होता, खांद्याने दाबून धरलेला. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून भेंडी चिरत होती आणि बहिणीला सांगत होती, "अगं, ह्यांचं काय सांगू! दोडका केला तरी तोंड वाकडं, पडवळ केलं तरी तोंड वाकडं." मी मागे उभा आहे हे तिला कळले असावे. ती वळली.

"आता काय दिसतंय, काका?"

"बायको."

"कशी आहे?"

"चिडली आहे."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतला नाही. मी अजून ओट्याकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर दाढी करताना फडक्याखालचा चेहरा पुन्हा आला. मी प्रयत्नपूर्वक चिडलेला चेहरा आठवला. तो आला, पण उशिरा, आणि आधीचा हलला नाही. दोन्ही समोर होते. मी दाढी पुरी केली.