कट्टा बंद झाल्यावर

पस्तिशीपर्यंत खिळ्याने चार जणांची नाकं फोडली होती, एकाचा खांदा निखळवला होता, आणि स्वतःचे दोन दात स्टेडियमच्या पायऱ्यांवर ठेवून आला होता. सगळं फुटबॉलपायी.

तेव्हा त्याला खिळा म्हणत नसत. पंपाचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात तो टर्नर होता. लेथवर उभा राहिला की हात असे चालायचे की मायक्रोमीटरने तपासणारा साहेबही तपासायचा कंटाळा करी. पण रविवारी पिवळ्यांचा सामना असला की त्याच हातांच्या मुठी व्हायच्या. पिवळे हरले तर तो चिडून मारायचा आणि जिंकले तर आनंदाने. मार खाणारा बहुधा पट्टेवाल्यांचा असे. हा दुसरा संघ, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बनियनचा, आणि पिवळ्यांशी त्यांचं हाडवैर.

एकदा बायकोने बादलीत भिजवलेला त्याचा शर्ट वर काढला तर पाणी लाल.

“हे रक्त तुमचं की दुसऱ्याचं?”

“दुसऱ्याचं,” तो म्हणाला, जणू त्यामुळे तिला बरं वाटणार होतं.

“मग त्याच्या बायकोला बोलवा धुवायला.”

चार वर्षांच्या लेकीला उचलून ती भावाकडे निघून गेली. दोन महिन्यांनी परत आली ती एका अटीवर. स्टेडियमचं तोंड पाहायचं नाही.

तो सुकत चालला. तेव्हा ग्राइंडिंगवरच्या एका सोबत्याने त्याला कॉम्प्युटरवरचा कट्टा दाखवला. पिवळ्यांचे चाहते तिथे जमायचे आणि सामन्यांवर लिहायचे. कट्टा चालवायचे शाळेतले एक गणिताचे मास्तर. त्यांचा नियम एकच. काय वाटेल ते बोला, पण कुणाचा पत्ता, फोन आणि घरची माणसं मध्ये आणायची नाहीत. टर्नर एकच मुद्दा दहादा ठोकायचा म्हणून मास्तरांनीच त्याला खिळा नाव दिलं.

आणि तिथे त्याला बोका भेटला. बोका पक्का पट्टेवाला. पिवळे हरले की मिशा पुसत यायचा, म्हणून हे नाव. दोघं अकरा वर्षं भांडले. “तुझ्या गोलकीपरला दार राखायला ठेवलं तर चोर दार विचारून आत जातील,” असं बोका लिहायचा. खिळा जेवणाचं ताट बाजूला सारून उत्तर द्यायला बसायचा. एका ऑफसाइडवरून ते साडेतीन महिने भांडत होते. खिळा बटणं इतक्या जोरात आपटायचा की आतून बायको विचारी, “कुणाला मारताय?”

“बोक्याला.”

“मारा, मारा. याचे डाग तरी पडत नाहीत.”

दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण या अकरा वर्षांत खिळ्याने कुणावर हात उचलला नाही.

मग पिवळे उपांत्य सामना हरले. शेवटच्या मिनिटाला पंचाने पेनल्टी दिली, तीही चुकीची. कट्ट्यावर एका संध्याकाळी तीन हजार संदेश पडले. त्यांत ‘सळई’ नावाच्या एकाने पंचाच्या घराचा पत्ता टाकला, सोबत फाटकाचा फोटो. त्या संध्याकाळी राखणदारीची पाळी खिळ्याची होती. असा संदेश दिसताक्षणी पुसायचा, एवढंच त्याचं काम. त्याने तो पाहिला. बोट बटणावर होतं. ‘राहू दे अर्धा तास,’ त्याच्या मनात आलं. ‘जरा टरकू दे त्याला.’ अर्ध्या तासाने त्याने तो पुसला.

मंगळवारी सकाळी पंच मुलीला शाळेत सोडायला निघाला असताना तिघांनी त्याला फाटकातच गाठलं. लोखंडी गजाने दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या फोडल्या. मुलगी गाडीत बसून बघत होती. गाडीचं दार आतून उघडायला तिला जमलं नाही, असं पेपरात आलं होतं. खिळ्याने ते वाक्य लेथपाशी उभ्या उभ्या वाचलं आणि कातायचा शाफ्ट लेथच्या पकडीत उलटा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा.

पोलीस मास्तरांचा कॉम्प्युटर घेऊन गेले. मास्तरांनी खिळ्याला फोन केला.

“तीन दिवसांत कट्टा बंद करतोय.”

“मास्तर, एका नालायकापायी—”

“तो पत्ता अर्धा तास तिथे होता. राखायला कोण होतं?”

खिळ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मला माहीत आहे कोण होतं,” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या तीन दिवसांत कट्ट्यावर घर जळताना सामान बाहेर फेकावं तशी धांदल उडाली. कुणी जुनी भांडणं उतरवून ठेवत होता, कुणी सगळ्यांचे फोन मागत होता. एकाने फोनवर गट काढला. तिथे दिवसाला नऊशे संदेश यायचे आणि कोण कुणाला काय म्हणाला याचा पत्ता लागेना. दुसऱ्याने कुठेतरी पान उघडलं, त्याच्यावर संदेशांपेक्षा जाहिराती जास्त. बोक्याने शेवटच्या दिवशी लिहिलं, “खिळ्या, कुठे जातोयस ते कळव.” खिळा शरमेने उत्तर लिहिता लिहिता थांबला, आणि सहा वाजता पान पांढरं झालं.

चौथ्या दिवशी त्याला एक दुवा आला. सळईने नवा अड्डा उघडला होता. आत शिरताना एकच प्रश्न होता: ‘शेवटचं कुणाला फोडलंस? फोटो टाक.’ हाच तो पत्ता टाकणारा, हे खिळ्याला ठाऊक होतं. पण आठ दिवस तो जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे बघत बसला होता. नवव्या दिवशी त्याने तरुणपणीचा, भुवईला टाके घातलेला फोटो टाकला. मिनिटाच्या आत दार उघडलं.

तिथे फुटबॉलचं नाव नव्हतं. तुटलेल्या दातांचे फोटो होते, काळेनिळे डोळे होते, पट्टेवाल्यांपैकी कोण कुठल्या रस्त्याने कामावर जातो याच्या याद्या होत्या. पहिल्यांदा त्याने ते पान लगेच मिटलं. आठवड्याने मिटेनासा झाला आणि हात शिवशिवायला लागले.

एकदा दुपारी मेहुणा जेवायला आला होता. घास घेता घेता तो सहज म्हणाला, “दाजी, तुमच्या पिवळ्यांनी आता लंगडी खेळावी. पंचाचीही सोय होईल.”

विनोद वाईटच होता. पण पुढच्या क्षणी मेहुण्याची कॉलर खिळ्याच्या मुठीत होती आणि डोकं भिंतीवर आपटलं होतं, एकदा, दोनदा. पंधरा वर्षांची लेक “बाबा!” म्हणून किंचाळली तेव्हा मूठ सुटली. मेहुण्याच्या कानामागून रक्ताची रेघ गळ्यावर उतरत होती.

बायकोने भावाच्या कानाला ओला रुमाल लावला. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “या वेळी मी जाणार नाही. तुम्ही जा.”

तो कारखान्यापलीकडच्या एका खोलीत राहायला गेला. खाट, खुर्ची, बिनपडद्याची खिडकी. आता अड्ड्याशिवाय त्याला कुणीच नव्हतं. म्हणून सळईने ‘रविवारी तीनला, बंद साबण कारखान्यामागे, पट्टेवाल्यांशी पंधराला पंधरा’ असं लिहिलं, तेव्हा त्याने ‘येतो’ म्हणून कळवलं.

हत्यारं आणायची नाहीत असं ठरलं होतं. सळई हातभर लांब बाह्यांचा कोट घालून आला, ऐन उन्हात. ते पाहून खिळ्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

मग पट्टेवाले गल्लीच्या टोकाने धावत आले. खिळ्याने पहिल्याला खांद्यावर घेऊन भिंतीवर फेकलं. दुसऱ्याच्या बरगडीत गुडघा घातला. त्याच्या ओठावर कुणाचं तरी कोपर बसलं आणि तोंडात रक्ताची खारट चव आली, अकरा वर्षांनी. त्याला आनंद झाला. हे त्याने पुढे कोर्टातही सांगितलं, वकील नको नको म्हणत असताना.

तेवढ्यात गर्दीतून एक बुटका, टकला, पन्नाशीचा माणूस हात वर करून थेट त्याच्या बाजूला येऊ लागला. “खिळा कोण? ए, तुमच्यातला खिळा कोण आहे?”

मला शोधत आलाय, खिळ्याला वाटलं. म्हणजे मारायलाच. त्याने सगळ्या अंगाचा जोर उजव्या मुठीत घेतला आणि माणसाच्या डाव्या डोळ्यावर हाणला. आतलं हाड मोडल्याचं त्याच्या बोटांना कळलं. माणूस गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला.

“गाढवा,” तो जमिनीवरून म्हणाला, “बोका आहे मी.”

खिळा त्याच्याजवळ वाकला. बोका एका डोळ्यावर हात दाबून बोलतच होता. “खिळा येणार असं कानावर आलं... आमच्या लोकांनी... तुमच्यासाठी खोली काढलीय... आमच्या पानावर. तेच सांगायला—”

सळईच्या दोघांनी त्याला पुढचं बोलू दिलं नाही. एकाने पोटात लाथ घातली, दुसऱ्याने बुटाची टाच डोक्यावर. सळईने बाहीतून गज काढला. खिळा “थांबा! आपला आहे!” म्हणून ओरडला. आपला म्हणजे कुणाचा, हे समजवायला वेळ नव्हता. तो बोक्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याचं डोकं आपल्या छातीखाली घेतलं. लाथा आता त्याच्या पाठीवर पडू लागल्या. उजवा हात फरशीवर उघडा राहिला होता.

“ऊठ,” सळई म्हणाला.

तो उठला नाही. गज हातावर पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा खिळ्याला आवाज आला, पण हात आपला असल्याचं जाणवलं नाही. पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकून सगळे पांगले. खाली बोक्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला यायच्या आधीच अड्ड्यावरचा एक जण फळं घेऊन आला. “पट्टेवाल्यांनी मारलं म्हणायचं,” तो हळू आवाजात म्हणाला. “सळईचा निरोप आहे.” खिळ्याने त्याला फळं परत न्यायला लावली. जबाबात त्याने सगळं सांगितलं: गज, नावं, याद्या, आणि पहिला फटका आपला. मग न विचारताच पत्त्याचा तो अर्धा तासही सांगितला. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत आली, पाणी पाजलं आणि निघून गेली.

खिळ्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं कापावी लागली. बोक्याचा डावा डोळा गेला. बोका बंदरावर क्रेन चालवायचा. एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून ते कामही गेलं. खिळा त्याच्या घरी गेला तेव्हा बोक्याच्या बहिणीने दार उघडलं.

“आता काय, दुसरा नेणार?” ती म्हणाली आणि दार लावलं.

खटला उभा राहायच्या आधी सळईच्या माणसांनी खिळ्याला बस थांब्यावर भर सकाळी गाठलं. जबाब बदल म्हणाले आणि दोन बरगड्या मोडल्या. त्याने एकाचा कान चावून तुकडा पाडला. ही गोष्ट तो अभिमानाने सांगत नाही, पण लपवतही नाही. जबाब मात्र बदलला नाही. पंचाचे पाय आणि खिळ्याचा हात मिळून सळईला नऊ वर्षं लागली. बोक्याच्या डोळ्यापायी खिळ्याला दहा महिने, स्वतः कबुली दिली म्हणून कमी.

सुटून आला तेव्हा कारखान्यात त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी कातलेले शाफ्ट तो डाव्या हातात मायक्रोमीटर धरून मोजतो. घरी बायकोने घेतलं, पण मेहुणा आजही तो असताना येत नाही.

पट्टेवाल्यांच्या पानावर ‘पाहुण्यांची खोली’ खरंच उघडली होती. विखुरलेले पिवळे एकेक करून तिथे आले होते, शंभराच्या आसपास. मास्तरही होते. वैऱ्याच्या घरात, वैऱ्याच्याच नियमांनी, ते पुन्हा मनसोक्त भांडत होते. वाचायला कुणालाही मोकळीक होती, पण लिहायला आतल्या एखाद्या पट्टेवाल्याची हमी लागे. खिळ्याने अर्ज केला. पाच महिने कुणी हमी दिली नाही. तो नुसता वाचायचा. कुणी चुकीचं लिहिलं की उरलेली बोटं टेबलावर आपटायचा.

मग एका शनिवारी निरोप आला.

“हमी मी देतोय. माफ केलंय असं समजू नकोस. पण तुमच्या शंभरात एकालाही ऑफसाइड कळत नाही, आणि मला भांडायला कुणीतरी लागतं. – बोका.”

खिळ्याने डाव्या हाताने पहिला संदेश लिहायला पाऊण तास घेतला. सामन्यावर नव्हता तो. अर्ध्या तासाची गोष्ट होती, आणि पहिल्या फटक्याची. खाली एका जुन्या पिवळ्याने लिहिलं, “तू नसतास तर आपला कट्टा असता आणि तो पंच चालत असता.” दोघं-तिघं खोली सोडून गेले. मास्तरांनी एक शब्द लिहिला नाही. खिळ्याने ते सगळं वाचून काढलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी बोक्याने तिथेच खाली लिहिलं, “झालं सगळ्यांचं? आता कालच्या गोलबद्दल बोल. तुमचा बचाव झोपला होता की मेला होता?”

“तुमचा फॉरवर्ड फूटभर पुढे होता,” खिळ्याने लिहिलं.

“एका डोळ्याने मला दिसलं, तुला दोन डोळ्यांनी दिसत नाही?”

हे वाचून खिळा खुर्चीवरून उठला, मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. मग परत येऊन उत्तर लिहिलं. त्या गोलवर ते सात आठवडे भांडले.

समोरासमोर ते त्यानंतर भेटलेले नाहीत. बोक्याने त्याला घरी बोलावलं नाही, आणि खिळ्यानेही विचारलं नाही.