मोहरी टाकण्याआधी लावलेली खिडकी

फोडणी घालायच्या आधी तुम्ही खिडकी उघडता, की लावता?

मी लावायचे. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात, दोन वर्षं.

त्या दिवशी घरमालक आमच्या झोपायच्या खोलीत बुटांसकट उभा होता. मुलीचा पलंग त्याने पायानेच सरकवला. मागची भिंत जमिनीपासून उशीपर्यंत काळी. बुरशी. माझी सहा वर्षांची मुलगी त्या भिंतीकडे तोंड करून झोपायची. हिवाळाभर तिचा खोकला थांबला नव्हता. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. इनहेलर देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात ओल आहे का?

घरमालकाने भिंतीवर बोट फिरवलं आणि आमच्या पडद्याला पुसलं. नवऱ्याला म्हणाला, "तुमच्या लोकांना घरात हवा खेळती ठेवता येत नाही. इथे हे लहान मुलांनाही कळतं."

"गेनाऊ," नवरा म्हणाला. अगदी बरोबर. मोटारीत बसणाऱ्यांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून दिवसभर फिल्टर तपासणारा इंजिनिअर तो. मीही मान डोलावली.

खिडक्या बंद असायच्या, हे खरं. का, ते घरमालकाने विचारलं नाही. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात याच माणसाने टपालपेटीत चिठ्ठी टाकली होती: "स्वयंपाक करताना खिडक्या बंद ठेवा. शेजाऱ्यांना वास सहन होत नाही." ती मी फ्रिजवर लावली. नियम म्हणून पाळली. कुकरची वाफ, कपड्यांची ओल, आमचे श्वास, सगळं आत. लसणाची फोडणी असली की दाराच्या फटीत टॉवेलही कोंबायचे.

घरमालक गेला. मी वरणाला फोडणी द्यायला घेतली. डॉक्टरांचं आठवलं, खिडकी उघडली. मुलगी खोकत आली, स्टूल ओढलं, वर चढली आणि खिडकी लावली.

"अगं, राहू दे उघडी."

ती जर्मनमध्ये म्हणाली, "नको, ममा. लोकांना आपली घाण येईल."

आपली घाण. हे तिला घरमालकाने शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं. रोज, मोहरी तडतडण्याआधी.

मी शेगडी बंद केली. फ्रिजवरची चिठ्ठी काढली.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "परत घर शोधायचं म्हणजे काय, माहितेय ना तुला?"

माहीत होतं. हे घर मिळायला आठ महिने लागले होते. तरी घरमालकाला पत्र लिहिलं. भिंतीचे फोटो, डॉक्टरांचा कागद, त्याच्याच चिठ्ठीची प्रत. भिंत दुरुस्त करा. खिडक्या आम्ही उघडणार. पत्रावर नवऱ्यानेही सही केली, दुसऱ्या दिवशी.

भिंत अजून काळीच आहे. मुलीचा पलंग आता बैठकीच्या खोलीत आहे. कदाचित हे घर सोडावं लागेल. खिडकी मी पुन्हा लावणार नाही.

तुम्ही आज एवढं करा. पलंग, कपाट ओढून मागची भिंत बघा. काळी दिसली तर फोटो काढा, तारीख घाला, घरमालकाला लेखी कळवा. आणि मोहरी टाकण्याआधी, मुलांच्या देखत, खिडकी सताड उघडा.